आधी भरायचं तोंड उघडा
वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधली उत्तरं

प्रश्न : ताई, मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीनिमित्त नऊ वर्षं इंग्लंडात कव्हेंट्रीला आहे. घरच्या गॅरेजात किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी जोडायची गाडी, बांधतोय. त्यासाठी १९९६ची माझदा एमएक्स-५ घेतली. तिचे सिल (दारांखालचे पत्रे) गंजून गेले होते, पण इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) उत्तम. ते सगळं काढून किटच्या नळ्यांच्या चासीवर चढवलं. आता डिफरन्शियलचं जुनं ऑइल काढायला गेलो, तर खालचा ड्रेन प्लग जागचा हलत नाही. बारा कोनी रिंग पाना लावला, तो दोनदा सटकला आणि प्लगचे कोपरे थोडे गोल झाले. पान्याला दोन फुटी पाइप चढवून ओढलं, तर अख्खी चासीच स्टँडवर डोलायला लागली. घाबरून थांबलो. आता छिन्नी-हातोडा घेऊ का? की गाडी ट्रेलरवर टाकून गॅरेजला नेऊ?
– एक वाचक, कव्हेंट्री

उत्तर : छिन्नी ठेवून द्या, ट्रेलरही एवढ्यात नको. चासी डोलल्यावर थांबलात हे फार चांगलं केलंत.

आता मला एक सांगा, वरचा प्लग उघडून बघितलात का? ऑइल भरायचा, फिलर प्लग. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून मला धास्ती वाटते. खालचा प्लग जितकी वर्षं मीठपाण्यात होता, तितकीच वर्षं वरचाही होता. खालचा आज निघाला, ऑइल घमेल्यात सांडलं आणि मग वरचा निघेना असं झालं, तर हातात कोरडं डिफरन्शियल उरेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला वडिलांचं गॅरेज होतं. मी एकोणीस वर्षांची असताना एक जीप ऑइल बदलायला आली होती. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी पहाटे गगनबावड्याला जायचं होतं. मी खालचा प्लग झटक्यात काढला, ऑइल सोडलं, चिंधीने सगळं पुसून घेतलं आणि वरच्या प्लगला हात घातला. तो तसूभर हलला नाही. संध्याकाळी सातपर्यंत त्याचे कोपरे गेले होते. वडील आले, त्यांनी पाहिलं, रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "भरायचं तोंड उघडतंय का, ते आधी का नाही बघितलंस?" मग त्यांनी ॲक्सलच्या माथ्यावरची ब्रीदरची, म्हणजे हवा जायच्या भोकाची, टोपी काढली, जनावरांना औषध पाजायची मोठी पिचकारी आणली आणि त्या बारक्या भोकातून आम्ही दोघांनी ऑइल भरलं. घट्ट नव्वद नंबरचं ऑइल, थंडीचे दिवस, एक पिचकारी आत जायला काही मिनिटं. पहाटे तीन वाजता काम संपलं. त्या रात्रीपासून मी कुठल्याही गिअरबॉक्सचा किंवा डिफरन्शियलचा भरायचा प्लग उघडल्याशिवाय खालच्याला पाना लावलेला नाही.

तेव्हा आज फक्त वरच्याचं बघा. तो निघाला तर तुमची निम्मी काळजी तिथेच मिटते. कारण मग खालचा प्लग काढलाच पाहिजे असं राहत नाही. त्या भोकातून पातळ प्लास्टिकची नळी तळापर्यंत सोडायची आणि मोठ्या सिरिंजने ऑइल ओढून घ्यायचं. आधी मागची चाकं हाताने फिरवून ऑइल ढवळून घ्या, म्हणजे तळाचा गाळही थोडाफार वर येईल. असं केलं तर थोडं जुनं ऑइल आत राहतं. तेवढ्यासाठी नवीन ऑइल भरून शंभर-दोनशे मैलांनी पुन्हा एकदा ओढून बदला. हे कायमचं उत्तर नाही, कारण ड्रेन प्लगच्या टोकावरचं चुंबक तपासायचं राहून जातं, आणि ते तपासणं मला महत्त्वाचं वाटतं. पण घाई करायचं कारण राहत नाही. घाई नसेल तर प्लग निघण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आता तो अडकला का, ते समजून घेऊ. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर खडेमीठ टाकतात. त्यातलं बरंचसं चेशायरमधल्या विन्सफोर्डच्या खाणीतून येतं. तुमची गाडी पंचवीसहून जास्त हिवाळे त्या मिठाच्या पाण्यात न्हाली आहे. सिल गंजले ते त्यानेच. प्लग पोलादाचा असतो. तो ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचात, बसवलेला असेल, तर मिठाचं पाणी मधे आल्यावर दोन धातूंमध्ये विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. झिजलं की त्याची पांढरी पूड होते. ती पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये पाचरीसारखी ठासते. तुम्ही पाइप लावून जो जोर दिलात, तो या पाचरीशी लढत होता.

म्हणून एक छोटं चुंबक घ्या आणि प्लगच्या शेजारी हाउसिंगला लावून बघा. चिकटलं तर बीड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम. पुढचं बरंचसं यावर ठरणार आहे.

आता गाडी. किट कारचा सांगाडा हलका असतो. बॉडी नाही, काचा नाहीत, सीट नाहीत. अशा गाडीखाली लांब पाइप ओढणं म्हणजे टेबलाचा पाय धरून टेबल ओढण्यासारखं आहे. स्टँड चासीच्या मजबूत नळ्यांखाली रुंदावर ठेवा, काढलेली चाकं चासीखाली आडवी सरकवून ठेवा, आणि कधीही अंगाकडे ओढू नका. पाठ टेकून, हाताचा तळवा उघडा ठेवून ढकला. पाना सटकला तर बोटं चासीच्या नळीवर आपटत नाहीत. खरं तर हे सगळे प्लग जुन्या गाडीतून डिफरन्शियल काढायच्या आधीच सैल करायचे असतात. तेव्हा गाडी जड असते, जागची हलत नाही. तुमची ती वेळ गेली, पण जे वाचक अजून जुनी गाडीच बघतायत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरं, दिशा. हे मी तुम्हाला कमी लेखून सांगत नाही. गाडीखाली उताणं पडल्यावर भल्याभल्यांचा गोंधळ होतो आणि प्लग सोडण्याऐवजी आवळला जातो. प्लगचं डोकं तुमच्या तोंडाकडे बघतंय असं धरून घड्याळाच्या उलट फिरवा. खडूने हाउसिंगवर बाण काढून ठेवा. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं काम केल्यावरही बाण काढणं सोडलं नव्हतं.

आणि तो बारा कोनी पाना आता पेटीत ठेवा. बारा कोनी पाना कोपऱ्याच्या अगदी टोकाला धरतो, म्हणून कोपरा आधी जातो. सहा कोनी सॉकेट सपाट बाजूंना धरतो. या प्लगला बहुधा २४ मिमी लागतो. पण गाडी जुनी आहे, प्लग कुणी बदललेला असू शकतो. म्हणून २३ चा आधी लावून बघा. तो बसत असेल तर २४ चा सैल पडेल आणि उरलेले कोपरेही जातील.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट सांगते. सॉकेट हातात घेऊन त्याच्या तोंडात बघा. आतल्या कडेला उतार दिलेला दिसेल. सॉकेट बोल्टवर चटकन बसावा म्हणून तो असतो. पण ड्रेन प्लगचं डोकं बुटकं असतं. सॉकेटच्या तोंडाचे पहिले दोन-तीन मिलिमीटर उतारात गेले, तर धरायला उरतं काय? निम्मं डोकं. म्हणून एक स्वस्तातला सॉकेट घ्या आणि त्याचं तोंड ग्राइंडरवर सपाट घासा, उतार संपेपर्यंत. मधे मधे पाण्यात बुडवून गार करत राहा. मग प्लगवर चढवून बघा. आधी तो थोडा डगमगायचा, आता टकदिशी बसेल. हा एवढा एक बदल करून मी 'निघतच नाही' म्हणून आलेले कितीतरी प्लग काढलेत.

सॉकेट खाली घसरू नये म्हणून त्याला खालून आधार द्या. सॉकेटला लांब दांडी लावा, दांडीच्या डोक्याखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली ट्रॉली जॅक. जॅक फक्त सॉकेट प्लगवर दाबून राहील इतकाच वर घ्या, गाडी उचलली जाता कामा नये. आता सॉकेट सुटणार नाही आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील.

पाना लावण्याआधी तारेच्या ब्रशने प्लगभोवतीचा चिखल आणि गंज खरवडून काढा. मग गंज सोडवायचं तेल मारा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मारा, असं दोन-तीन दिवस. यातून फार अपेक्षा ठेवू नका. प्लगच्या डोक्याखाली वॉशर असतो आणि तो तेल आट्यांपर्यंत सहजी जाऊ देत नाही. म्हणून तेल मारल्यावर प्लगच्या डोक्यावर पितळेची सळई उभी धरून हातोडीचे दहा-बारा नेमके ठोके द्या. हाउसिंगवर नाही, प्लगवरच. ठोक्याने आट्यांतली पूड तडकते आणि तेलाला वाट मिळते. त्यानंतर प्लग आधी किंचित आवळायच्या दिशेने ढकला, मग सोडायच्या. पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. अगदी केसभर हालचाल झाली तरी काम झालं म्हणून समजा.

तरीही नाही, तर उष्णता. हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर ही तुमची सगळ्यात मोठी मदत आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. समजा प्लगचा व्यास १८ मिमी आहे आणि तुम्ही तो भाग ८० अंशांनी तापवलात, तर भोक प्लगपेक्षा सुमारे ०.०१६ मिमी जास्त मोठं होतं. केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा, पण अडकलेल्या आट्याला तेवढं पुरतं. रंग खरवडायची हॉट एअर गन घ्या आणि प्लग वगळून त्याच्या भोवतीचं हाउसिंग आठ-दहा मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चरचरला की थांबा, त्यापुढे गेलात तर ऑइल सील धोक्यात येतात. हाउसिंग बिडाचं निघालं तर उष्णतेने हा फरक पडत नाही, कारण बीड आणि पोलाद जवळपास सारखेच फुगतात. तिथे ठोके आणि इम्पॅक्ट गनवर भर द्या.

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगते. आगीची ज्योत वापरू नका. तुम्ही उताणे पडलेले, वर गंजाच्या तेलाने माखलेलं हाउसिंग, आणि किट कारमध्ये पेट्रोलची टाकी बहुधा हाताच्या अंतरावर. दुसरं, आधी ब्रेक क्लीनर मारून मग तापवू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची द्रव्यं असतात आणि ती तापली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. बंद गॅरेजात तो जिवावर बेतू शकतो. साफसफाई ब्रश आणि चिंधीने करा.

जोर किती लावायचा? हा प्लग बसवताना साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर आवळायचा असतो. तुमच्या दोन फुटी पाइपच्या टोकाला ४० किलोचा जोर दिला तर २४० न्यूटन-मीटर होतात, म्हणजे जवळजवळ पाचपट. तेवढ्यानेही हलत नसेल तर पाइप आणखी लांब करू नका. ॲल्युमिनियमचं हाउसिंग तडकलं तर प्लगचा प्रश्न राहत नाही, डिफरन्शियलच नवीन घ्यावं लागतं. त्याऐवजी भाड्याने बॅटरीवरची इम्पॅक्ट गन आणा. तिचे छोटे छोटे झटके प्लगला बसतात, गाडी मात्र डोलत नाही. हलक्या चासीसाठी मला ती पाइपपेक्षा केव्हाही बरी वाटते.

कोपरे पुरते गेले तर किंचित लहान मापाचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवा. तोही फिरला, तर मात्र गाडी गॅरेजला न्या आणि प्लगच्या डोक्यावर एक मोठा नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची उष्णता थेट प्लगमध्ये जाते, पूड सुटते आणि धरायला नवीन डोकंही मिळतं. करणाऱ्याला आधी भरायचा प्लग उघडा ठेवायला आणि बॅटरी सोडवायला सांगा. छिन्नी त्याही नंतर. छिन्नीचा घाव चुकला की हाउसिंगच्या ज्या सपाट कडेवर वॉशर बसतो, तिलाच खाच पडते, आणि मग ते गळणं आयुष्यभर थांबत नाही.

निघाल्यावर चुंबकाच्या टोकाकडे नीट बघा. करडी, लोण्यासारखी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे, पुसून टाका. बोटांना टोचणारा तुकडा असेल तर डिफरन्शियल उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्लग नवीनच घ्या, वॉशरही नवीन. आट्यांना अँटी-सीझची (आटे पुन्हा अडकू नयेत म्हणून लावायची) नखभर पेस्ट लावा आणि तशी पेस्ट लावल्यावर ४० न्यूटन-मीटरच्या आसपासच थांबा. ऑइल ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-५ दर्जाचं. लहान डिफरन्शियलला साधारण ०.६५ लिटर, मोठ्याला १ लिटर. तुमचं कुठलं आहे याची चिंता करू नका, भोकातून ऑइल बाहेर ओघळायला लागेपर्यंत भरा. मात्र गाडी चारही बाजूंनी एका पातळीत असू द्या. मागची बाजूच उचललेली असेल तर माप चुकतं.

प्रश्न : अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला राहतो. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची किट कार बांधतोय, मागे जुन्या मस्टँग गाडीचा 'फोर्ड ८.८' जातीचा अखंड ॲक्सल आहे. दोन संध्याकाळी गाडीखाली घालवल्या, ड्रेन प्लग सापडतच नाही. गंजाखाली बुजला असेल का?
– एक वाचक, वूस्टर

उत्तर : बुजलेला नाही. त्या अखंड ॲक्सलला ड्रेन प्लग दिलेलाच नसतो. ऑइल काढायचं तर मागचं पत्र्याचं झाकण उघडावं लागतं. त्याला दहा बोल्ट असतात. पण आधी पुढच्या बाजूचा भरायचा प्लग उघडा. त्याला डोकं नाही, चौकोनी खाच आहे आणि तिच्यात ३/८ इंची रॅचेटचं टोक थेट बसतं. खाचेत माती ठासलेली असते. ती सुईने किंवा खिळ्याने तळापर्यंत कोरून काढा, नाहीतर टोक अर्धवट बसतं आणि खाच फिरते.

मग झाकणाचे खालचे बोल्ट काढा आणि वरचे दोन-तीन थोडे सैल करून तसेच राहू द्या. झाकण खालून हलकेच उचकटलं की ऑइल तिथून घमेल्यात येईल. सगळे बोल्ट एकदम काढलेत तर झाकण आणि सगळं ऑइल एकत्र छातीवर येतं. गिअर ऑइलमधल्या गंधकाचा वास कपड्यातून जात नाही, म्हणून जुना शर्ट घाला. झाकण निघाल्यावर क्राउनचे, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरचे, दात समोर दिसतात. ही संधी सोडू नका. टॉर्च लावून चाक फिरवत एकेक दात बघा. बंद करताना जुनं सीलंट पूर्ण खरवडून दोन्ही बाजू कोरड्या करा, नवं सीलंट प्रत्येक बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने सलग फिरवा आणि डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ सुकू द्या. मगच ऑइल भरा.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची जुनी जीप आहे. डिफरन्शियलच्या प्लगला चौकोनी खाच आहे, पण तिच्यात बसणारा पाना बाजारात मिळाला नाही. पेचकस आडवा घालून फिरवू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पेचकस घालू नका, खाचेचे कोपरे जातील. खाचेची रुंदी कॅलिपरने मोजा. त्या मापाची चौकोनी सळई लोखंडाच्या दुकानात तुकडा म्हणून मिळेल. एक बोटभर तुकडा कापा, गरज पडली तर कानशीने दोन बाजू घासून खाचेत घट्ट बसेल असा करा आणि बाहेरच्या टोकावर रिंग पाना किंवा फिक्स पाना लावा. तुमच्या इचलकरंजीत कुठलाही लेथवाला हे दहा मिनिटांत करून देईल.

हे प्लग बहुतेक वेळा पाइपच्या आट्यांचे, निमुळते असतात. वॉशर नसतो, प्लग आत जाता जाता पाचरीसारखा घट्ट होत जातो. सोडताना पहिल्या अर्ध्या फेऱ्यालाच सगळा जोर लागतो, नंतर तो बोटाने निघतो. परत बसवताना प्लग पूर्ण आत जाईपर्यंत फिरवायचा मोह होतो, पण तो तसा पूर्ण आत बसवायचा नसतो. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने आणखी एक-दीड फेरा द्या. एखाद-दोन आटे बाहेर दिसत राहिले तर तसेच असू द्या.